भिंत कोणाची, छप्पर कोणाचं: इंग्लंडचं जुनं गावचर्च कसं वाचायचं

इंग्लंडमधल्या वारसा यादीतल्या चर्चच्या दुरुस्तीवर भरलेला व्हॅट परत देणारी एक सरकारी योजना २००१पासून चालू होती. जानेवारी २०२५मध्ये सरकारने ती मार्च २०२६पर्यंत वाढवली, पण हात आखडून. सगळ्या प्रार्थनास्थळांसाठी मिळून २ कोटी ३० लाख पौंड आणि एका इमारतीला वर्षाला जास्तीत जास्त २५ हजार पौंड. व्हॅट २० टक्के आहे. म्हणजे सव्वा लाख पौंडांच्या कामापर्यंतचा कर परत मिळणार होता, त्यापुढचा गावाने सोसायचा होता. मोठ्या चर्चचं छप्पर काढून नवं घालायचं तर सव्वा लाख कुठल्या कुठे उडून जातात.

अशी बातमी आली की साधा वाचक चक्रावतो. चर्च ऑफ इंग्लंड ही तर गडगंज संस्था, मग गावातली म्हातारी माणसं केक विकून छपरासाठी पैसे का जमवतात? लाकडी बाकं हलवायला धर्मपीठाच्या न्यायालयाची परवानगी का लागते? आणि इतकं अवघड जातंय तर कुलूप लावून मोकळे का होत नाहीत?

या प्रश्नांची उत्तरं इमारतीतच आहेत. गावचर्चमध्ये शिरल्यावर प्रत्येक भागाला दोनच गोष्टी विचारायच्या: हे कोणाच्या पैशाने झालं, आणि त्या वेळी इथे काय चालायचं? एवढं विचारलं की दगड बोलायला लागतात.

पॅरिश म्हणजे काय

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतलं गाव आणि त्याचं शिवार. मध्ययुगापासून जवळपास सगळं इंग्लंड अशा पॅरिशांमध्ये वाटलेलं आहे. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन याच चर्चमध्ये. सोळाव्या शतकापासून गरिबांना मदत आणि रस्त्यांची डागडुजी हीसुद्धा पॅरिशचीच कामं झाली. म्हणून जुन्या चर्चमध्ये लोखंडी पट्ट्या ठोकलेली एक जड पेटी दिसते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा. १६०४च्या नियमांप्रमाणे त्या पेटीला तीन कुलपं लागायची: एक किल्ली पाळकाकडे आणि एकेक दोन चर्चवॉर्डनकडे. चर्चवॉर्डन म्हणजे गावाने निवडलेले कारभारी. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, अशी ती सोय. ही वॉर्डनची पदं आजही आहेत आणि पगार आजही नाही.

चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्च आहेत. त्यांतली १२ हजारांहून जास्त वारसा यादीत आहेत, आणि इंग्लंडच्या सर्वोच्च दर्जाच्या वारसा इमारतींपैकी जवळपास ४५ टक्के हीच. या लेखात उदाहरणासाठी बऱ्याचदा सफोक काउंटीतलं ब्लायथबर्गचं होली ट्रिनिटी चर्च घेतलं आहे. खाडीकाठच्या दलदलीशेजारी उभं, गावाच्या मानाने अवाढव्य.

एक इमारत, दोन हिस्से

चर्चची लांबी पूर्व-पश्चिम असते. पश्चिमेचा मोठा दालनासारखा भाग लोकांचा. त्याला नेव्ह म्हणतात. पूर्वेचा, वेदी असलेला भाग धर्मगुरूंचा; तो चान्सेल. नेव्हच्या दोन्ही बाजूंना पडव्या असतात, त्यांना आइल म्हणतात. मनोरा बहुतेक वेळा पश्चिम टोकाला आणि येण्याजाण्याचं दार दक्षिणेला, पोर्चमधून. एवढे शब्द कळले की पुढचं सगळं समजतं.

आता खरी गोम. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये रिवाज पक्का झाला होता की नेव्ह गावाने सांभाळायचा आणि चान्सेल रेक्टरने. रेक्टर म्हणजे गावच्या पिकाचा दहावा हिस्सा ज्याला मिळतो तो. कधी गावचा धर्मगुरू, कधी दूरचा एखादा मठ. भाऊहिश्श्यात वाटलेल्या वाड्यासारखीच गत: एका भावाकडे पैसा आला की त्याची बाजू दुमजली होते, दुसऱ्याची कौलं तशीच राहतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळा एकच वाडा दिसतो. उंच, भरपूर खिडक्यांचा नेव्ह आणि त्याला चिकटलेलं बुटकं, अंधारं चान्सेल दिसलं, की समजावं गाव लोकरीच्या धंद्यात कमावत होतं आणि रेक्टरला खर्च करायचा नव्हता. उलटंही दिसतं: रेक्टर श्रीमंत मठ किंवा महाविद्यालय असेल तर चान्सेल देखणं आणि नेव्ह साधा.

हा इतिहास अजून संपलेला नाही. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यांचे हक्क खाजगी जमीनदारांकडे गेले, आणि हक्काबरोबर चान्सेलच्या दुरुस्तीची जबाबदारीही त्या जमिनींना चिकटली. वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो गावी एका दांपत्याला अशी शेतजमीन वारशात मिळाली होती. २००३मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की चान्सेलचा खर्च त्यांनीच द्यायचा. ऑक्टोबर २०१३पासून ही जबाबदारी जमिनीच्या दप्तरी नोंदलेली नसेल तर नव्या खरेदीदारावर ती सहसा येत नाही. तरीही इंग्लंडमध्ये घर घेताना वकिलाच्या बिलात ‘चान्सेल सर्च’ नावाची छोटी रक्कम दिसते. तिथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनीही ती भरलेली असते. ती या तेराव्या शतकातल्या वाटणीपायी.

भिंतींवरचे सांधे

काळ ओळखायला चार ढोबळ टप्पे पुरतात. सन ११९०च्या आधीचं नॉर्मन काम: जाड भिंती, अर्धगोल कमानी, नागमोडी नक्षी. साधारण १२९०पर्यंत अरुंद, टोकदार, भाल्याच्या पात्यासारख्या खिडक्या. १३५०पर्यंत खिडकीच्या माथ्यावर दगडाची वेलबुट्टी. त्यानंतर थेट १५४०पर्यंत उभ्या दगडी पट्ट्यांच्या रुंद खिडक्या, भिंत जवळपास काचेचीच. ही वर्गवारी १८१७मध्ये टॉमस रिकमन यांनी रूढ केली. तिच्याही आधीचं सॅक्सन काम क्वचित सापडतं. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ब्रिक्सवर्थच्या कमानींत रोमन काळातल्या विटा पुन्हा वापरलेल्या दिसतात.

पण खिडकीवरून अख्ख्या चर्चचं वय ठरवणं ही नेहमीची चूक. खिडकी बदलणं सोपं, भिंत बदलणं महाग. तेव्हा खिडकीपेक्षा सांधा पाहा.

मनोऱ्याच्या पूर्व बाजूला, आजच्या छपराच्या वर, उलट्या ‘व्ही’च्या आकाराची दगडी कड पुष्कळ ठिकाणी दिसते. ती आधीच्या छपराची खूण. पूर्वी छप्पर तीव्र उताराचं होतं, कारण ते गवताचं किंवा लाकडी फळ्यांचं असे आणि पाणी लवकर निथळावं लागे. पुढे शिशाचा पत्रा आला, त्याला कमी उतार चालतो. मग नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची एक ओळ घातली आणि सपाटसर छप्पर बसवलं.

आइल जोडण्याची रीतही अशीच वाचता येते. गावाची वस्ती वाढली की जुन्या भिंतीच्या बाहेर आधी नवी भिंत आणि छप्पर उभं करत. मग आतली जुनी भिंत टेकू देऊन एकेका टप्प्यात फोडायची, तिथे खांब आणि कमान बसवायची आणि पुढे सरकायचं. उपासना बंद पडत नसे. खुणा दोन राहतात: कमानींच्या रांगेच्या दोन्ही टोकांना जुन्या भिंतीचे जाड तुकडे, आणि कमानींच्या वर बुजवलेली एखादी बारकी खिडकी. पूर्वी ती उघड्या हवेत उघडत होती, आता आइलच्या छपराखाली आली.

ब्लायथबर्गचा मनोरा चौदाव्या शतकातला आणि चर्च पंधराव्यातलं. चर्च नव्याने बांधायची राजाची परवानगी १४१२ची. पैसा मोठ्या इमारतीवर गेला, मनोरा जुनाच राहिला, म्हणून तो अंगाच्या मानाने लहान वाटतो. बांधकाम गारगोटीचं, कारण सफोकमध्ये घडाईचा दगड निघत नाही. गारगोटी पाणी शोषत नाही आणि चुना सावकाश सुकतो, त्यामुळे अशी भिंत थोडी चढवायची, थांबायचं, पुन्हा चढवायची. घाई केली तर ओली भिंत फुगून बाहेर येते. घडीव दगड लांबून पाण्याच्या वाटेने आणावा लागे, म्हणून तो फक्त कोपऱ्यांना, खिडक्यांना आणि नक्षीला.

कुंड, कोनाडा आणि हवेत उघडणारं दार

सामानसुमानातली सर्वांत जुनी वस्तू बहुधा बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. सगळं चर्च नवं केलं तरी कुंड ठेवत. ते दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. काठावर हात फिरवून पाहा: समोरासमोर दोन जागी दगड फुटलेला, नंतर सांधलेला, किंवा शिशात बसवलेल्या लोखंडाचा तुकडा सापडतो. तिथे झाकणाची कडी होती. मंत्रलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून १२३६मध्ये आर्चबिशपने कुंडाला झाकण आणि कुलूप घालायला लावलं. पुढे कधीतरी कडी उपटून काढली आणि काठाचा टवका उडाला.

चान्सेलच्या दक्षिण भिंतीत, कमरेच्या उंचीवर, छोटा कोनाडा असतो आणि त्याच्या तळाला भोक. याचं नाव पिसिना. प्रभुभोजनाची भांडी धुतल्याचं पाणी इथून भिंतीत आणि तिथून पवित्र जमिनीत मुरायचं. गटारात जाऊ द्यायचं नाही. असाच कोनाडा आइलच्या पूर्व टोकाला दिसला, तर तिथे एकेकाळी दुसरी वेदी होती हे नक्की. मेलेल्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला श्रीमंत घराणी आणि गावातल्या मंडळ्या अशा वेदी स्थापत, त्यासाठी वेगळा पुरोहित ठेवत. सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं, आणि १५४७मध्ये कायद्याने त्या देणग्या जप्त झाल्या. वेदी गेली, कोनाडा राहिला. कारण कोनाडा म्हणजे भिंतच, तो काढून नेणार कुठे?

पिसिनाच्या शेजारी पाद्री आणि मदतनीसांसाठी भिंतीत कोरलेल्या तीन बैठका असतात, बहुतेकदा पायरीपायरीने उतरत्या. समोर उत्तर भिंतीत ईस्टरच्या विधीसाठी कोनाडा. कधी नेव्ह आणि चान्सेलमधल्या भिंतीला तिरपं आरपार भोक पाडलेलं असतं, म्हणजे आइलमधल्या वेदीपाशी उभ्या माणसाला मुख्य वेदी दिसावी.

आणि ते बुचकळ्यात टाकणारं दार. नेव्हच्या पूर्व टोकाला, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, भिंतीत एक अरुंद दार. खाली पायरी नाही, समोर मजला नाही. नेव्ह आणि चान्सेल यांच्यामध्ये पूर्वी नक्षीदार लाकडी पडदा असे, त्यावर सज्जा, आणि सज्जावर क्रूसावरच्या ख्रिस्ताची मोठी मूर्ती, बाजूंना त्याची आई मरिया आणि शिष्य योहान. भिंतीतला जिना सज्जावर जायचा. मूर्ती १५४७-४८च्या सुमारास काढल्या. पहिल्या एलिझाबेथने १५६१मध्ये सज्जे उतरवायला लावले, मात्र खालचा पडदा ठेवायला सांगितला. म्हणून पडदे अनेक ठिकाणी आहेत, सज्जे फार थोडे, आणि दार जिथल्या तिथे.

पांढऱ्या चुन्याखाली काय होतं

आजची गावचर्च आतून पांढरी किंवा उघड्या दगडाची दिसतात. मध्ययुगात ती रंगांनी भरलेली होती. भिंतींवर संतांची चित्रं, खिडक्यांत रंगीत काचा, आणि चान्सेलच्या कमानीवर अंतिम न्यायाचं भलंमोठं चित्र: मध्ये ख्रिस्त, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरकाचा जबडा. वाचता न येणाऱ्या गावाला तेच रोज समोर दिसे. पूर्ण मध्ययुगीन काचांचा संच आता ग्लॉस्टरशरमधल्या फेअरफर्डलाच पाहायला मिळतो: २८ खिडक्या, साधारण १५०० ते १५१७मधल्या.

सोळाव्या शतकात चित्रांवर चुना फासला आणि त्यावर बायबलमधली वचनं लिहिली. चुन्याने चित्र पुसलं जात नाही, ते झाकलं जातं, आणि पुष्कळदा टिकतं. ब्लायथबर्गजवळच्या वेनहॅस्टन गावी अंतिम न्यायाचं चित्र भिंतीवर नव्हतं, लाकडी फळ्यांवर होतं. १८९२च्या दुरुस्तीत या चुना लावलेल्या फळ्या निरुपयोगी म्हणून उतरवून चर्चच्या आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला, चुना धुतला गेला आणि खालून चेहरे दिसू लागले. आत्म्यांची पापपुण्यं तराजूत तोलणारा देवदूत मायकेल आहे, साखळीने ओढून नेलेले पापी आहेत. पण चित्राच्या मधोमध तीन कोऱ्या आकृत्या आहेत, तिथे रंगच नाही. एक क्रूसाची, दोन माणसांच्या. त्या जागी लाकडी मूर्ती फळ्यांना लावलेल्या होत्या. चित्रकाराने त्यांच्या भोवतीने रंगवलं. मूर्ती साडेचारशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी गेल्या, त्यांचा आकार तिथेच आहे.

दुसरी मोडतोड १६४०च्या दशकातली, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळातली. विल्यम डाउझिंग हा संसदेच्या बाजूने नेमलेला अधिकारी सफोक आणि केंब्रिजशरमधल्या चर्चमधून फिरत होता. त्याने रोजनिशी ठेवली आणि ती आज उपलब्ध आहे. ९ एप्रिल १६४४ला तो ब्लायथबर्गला आला आणि वीस चित्रं, दोन क्रूस आणि वीस देवदूत काढून टाकायचे अशी नोंद केली. तरी छपराच्या तुळयांना पंख पसरून चिकटलेले लाकडी देवदूत आजही वर आहेत, कारण ते फार उंचावर होते.

त्या देवदूतांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले. डाउझिंगच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, ही गोष्ट गावोगाव सांगितली जाते. ती खरी नाही. चर्चच्या अठराव्या शतकातल्या हिशेबात जॅकडॉ मारण्यासाठी लोकांना पैसे दिल्याची नोंद आहे. जॅकडॉ म्हणजे कावळ्याच्या कुळातला छोटा पक्षी, छपरात घरटी करतो. अशा ठिकाणी दंतकथेपेक्षा वॉर्डनची हिशेबवही जास्त विश्वासाची.

कठडा, व्यासपीठ, बाकं

दगडी वेदी १५५०मध्ये काढायला लावल्या आणि लाकडी मेज आली. मेजाला आडोसा नव्हता, तिथे कुत्री जायची. १६३६मध्ये नॉरिचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी हुकूम काढला की मेजापुढे सुमारे एक यार्ड उंचीचा कठडा हवा, आणि त्याचे खांब इतके दाट की कुत्र्याला आत शिरता येऊ नये. सतराव्या शतकातल्या कठड्यांच्या लाकडी खांबांतलं अंतर तुम्ही स्वतः मोजून पाहू शकता.

प्रवचनाचं महत्त्व वाढलं तसं व्यासपीठ उंच झालं आणि त्याच्यावर आवाज खाली फेकणारं लाकडी छत आलं. काही ठिकाणी तीन मजली व्यासपीठ आहे: खाली उत्तरं म्हणणारा कारकून, मध्ये वाचन, वर प्रवचन.

सुरुवातीला बहुतेक लोक उभेच राहत. बाकं पंधराव्या शतकात सर्रास झाली. ब्लायथबर्गच्या बाकांच्या टोकांवर सात पातकं कोरलेली आहेत. आळशी माणूस बिछान्यात बसलाय, दारुडा खोड्यात अडकलाय. सतराव्या-अठराव्या शतकात दारं असलेली खोक्यांसारखी बाकं आली, घराण्याघराण्याला वाटून दिलेली, पुष्कळ ठिकाणी भाड्याने. कोण कुठे बसतो यावरून गावातला मान कळायचा.

घंटांबद्दल थोडक्यात: इंग्लंडमध्ये पाच किंवा त्याहून जास्त घंटा असलेले पाच हजारांहून अधिक मनोरे आहेत. घंटा पूर्ण चाकावर बसवलेली असते, दोराने ती पूर्ण फेरा घेते, आणि वाजवणारे सुरावट नाही तर क्रमांची अदलाबदल वाजवतात. हजारो किलो धातू डोलत असल्यामुळे घंटांचं वजन पेलणारा सांगाडा हा तपासणीत मोठा मुद्दा असतो.

“पण हे बहुतेक व्हिक्टोरियन काळातलंच ना?”

आक्षेप रास्त आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची बहुसंख्य गावचर्च मोठ्या प्रमाणात दुरुस्त झाली. १८३९मध्ये केंब्रिजला निघालेल्या एका संस्थेने ठरवलं की खरं चर्च चौदाव्या शतकासारखं असावं: खोल चान्सेल, पायऱ्या चढून वेदी, चान्सेलमध्ये गायकवृंद, रंगीत फरशा. त्या आदर्शापायी खोक्यांची बाकं आणि लोकांना बसायला केलेले वरचे सज्जे निघाले, भिंतींचा गिलावा खरवडला गेला. गिलाव्याबरोबर चित्रंही गेली. याच्याविरुद्ध १८७७मध्ये विल्यम मॉरिस यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं होतं: जुन्याला पाहिजे त्या काळात नेऊ नका, आहे ते सांभाळा.

त्या आदर्शाचा नमुना मुंबईत पाहायला मिळतो. कुलाब्याचं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभं राहिलं आणि १८५८मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. हेन्री कॉनीबेअर यांचा आराखडा, आतल्या सजावटीत विल्यम बटरफील्ड यांचं काम. इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन दुरुस्तीने जुन्या चर्चमध्ये जे बळेच बसवलं, ते तिथे सुरुवातीपासून एकसंध आहे, म्हणून फरक चटकन कळतो.

तरीही व्हिक्टोरियन थर म्हणजे भेसळ नव्हे. त्या दुरुस्तीने कित्येक पडायला आलेली छपरं वाचवली. तोही आता दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

खरा शत्रू पाणी

चर्च पडतं ते वादळाने क्वचितच. ४ ऑगस्ट १५७७ला ब्लायथबर्गच्या मनोऱ्याचं टोक वादळात छपरातून कोसळलं आणि एक माणूस व एक मुलगा मेला, पण हा अपवाद. नियम असा की पाणी तुंबतं, वर्षानुवर्षं मुरतं आणि एक दिवस तुळईचं भिंतीतलं टोक कुजून जातं.

सुरुवात पन्हळीपासून होते. सपाट छप्पर आणि कठडा यांच्यामधल्या शिशाच्या पन्हळीत पानं, पिसं आणि मेलेलं कबुतर अडकतं. पाणी पत्र्याच्या कडेवरून उलटं आत जातं. नेमकी तिथेच ओक लाकडाची तुळई टेकलेली असते. ओलं ओक म्हणजे डेथवॉच नावाच्या किड्याला आमंत्रण. कोरड्या ओकमध्ये तो फारसा तग धरत नाही. म्हणून औषध फवारण्याआधी गळती बंद करायची. पन्हळी वर्षातून निदान दोनदा साफ करायच्या, त्यांतली एक वेळ पानगळ संपल्यावर. सगळ्या देखभालीत याच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी काम दुसरं नाही.

शिसं स्वतःही थकतं. उन्हात ते फुगतं, थंडीत आकसतं. दोन मीटरची पट्टी ५० अंशांच्या फरकात जवळपास तीन मिलिमीटर हलते. पत्रा फार लांब घातला किंवा चारी बाजूंनी खिळला तर ती हालचाल एका ठिकाणी साठते आणि तडा जातो. म्हणून लहान तुकडे, मध्ये सैल घड्या आणि पुरेशी जाडी, मोठ्या छपरावर बहुधा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. इतक्या जाडीचं शिसं चौरस मीटरला सुमारे ४० किलो भरतं, आणि भंगारात त्याला भाव आहे. एका रात्रीत अख्ख्या आइलचा पत्रा चोरीला जातो आणि पुढचा पाऊस आत. वारंवार चोरी झालेल्या ठिकाणी आता परवानगी घेऊन वर लेप दिलेलं स्टेनलेस स्टील घालतात. दिसायला करडं, वितळवून विकायला निरुपयोगी.

भिंतींचं दुखणं वेगळं. विसाव्या शतकात दरजा सिमेंटने भरल्या. चुन्याची दरज ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंट सोडत नाही. मग ओल दगडातून बाहेर पडते, थंडीत गोठते, आणि दगडाचा चेहरा सोलून निघतो, सिमेंट मात्र ताठ उभं. दुरुस्ती म्हणजे सिमेंट छिन्नीने हळूच काढून पुन्हा चुना भरणं, आणि तेही गोठण पडायच्या आत; ओला चुना गोठला की भुगा होतो.

शिवाय शतकानुशतकं दफनं होऊन आवाराची जमीन चढत गेली. बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा उंच, म्हणून भिंतीच्या पायाशी कायमची ओल. भिंतीलगत चर खणायचा तर आधी पुरातत्त्वज्ञ लागतो, कारण तिथे माणसं पुरलेली आहेत.

हिवाळ्यात आठवड्यातून दोन तास जोरात हीटर लावणं हेही घातक. हवा गरम होते, भिंत थंडच राहते, आणि माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीवर पाणी होऊन उतरते. लाकडी पडदे आणि ऑर्गन एकदम सुकून तडकतात. फेब्रुवारी २०२०मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सभेने २०३०पर्यंत कार्बन शून्यावर आणायचं ठरवलं. त्यामुळे आता हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवण्याकडे कल आहे: बाकाखाली विजेचे हीटर, गरम गाद्या. वटवाघळं असली तर तो आणखी एक गुंता. त्यांच्या मुताने पितळी स्मृतिपट खराब होतात, पण त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, हुसकावता येत नाही.

“चर्चकडे अब्जावधी आहेत, मग गाव का भरतं?”

मध्यवर्ती चर्च कमिशनर्सकडे १० अब्ज पौंडांहून मोठा निधी आहे, हे खरं. त्यातून बिशपांचा खर्च, धर्मगुरूंची जुनी पेन्शनं आणि ठरावीक अनुदानं जातात. गावचर्चची इमारत मात्र तिथल्या स्थानिक समितीच्या जबाबदारीत आहे. पूर्वी त्यासाठी गावावर सक्तीचा कर होता. १८६८मध्ये ती सक्ती गेली, जबाबदारी राहिली. राष्ट्रीय चर्च असूनही दुरुस्तीसाठी सरकारकडून कायमची तरतूद नाही. म्हणून तीस डोकी उपासनेला येणाऱ्या गावावर लाखो पौंडांचं छप्पर असतं. १९५५पासून दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाची तपासणी सक्तीची आहे. तिच्या अहवालात कामं तातडीप्रमाणे मांडलेली असतात, आणि शहाणी समिती तो क्रम मोडत नाही.

“बाकं काढून जागा मोकळी केली तर बिघडलं कुठे?”

कधी काहीच नाही, कधी खूप. एकोणिसाव्या शतकातली कारखान्यात केलेली पाइनची बाकं आणि ब्लायथबर्गची कोरीव टोकं यांना एक न्याय लावता येत नाही. अशा बदलासाठी बिशपच्या न्यायालयाकडून परवाना लागतो. २०१२च्या डफील्ड प्रकरणापासून न्यायाधीश क्रमाने विचारतात: बदलाने इमारतीच्या महत्त्वाला धक्का बसतो का, बसला तर किती, बदलाची गरज किती खरी, आणि लोकांना होणारा फायदा त्या नुकसानीपेक्षा जड आहे का? बाकं काढताना खालचा लाकडी चौथराही निघतो. त्याखाली कधी थडग्याच्या शिळा असतात, कधी नुसती माती. फरशीचा खर्च बाकांपेक्षा मोठा होतो तो इथे. पण प्रसाधनगृह आणि चहाची सोय आली की गाव आठवडाभर चर्चमध्ये येतं, आणि माणसांचा वावर असला की गळती लवकर लक्षात येते. माझं मत विचाराल तर जपून केलेला बदल कुलपापेक्षा केव्हाही बरा.

“मग बंदच का करत नाहीत?”

करतात. बंद पडलेल्यांतली सर्वांत मोलाची साडेतीनशेहून जास्त चर्च १९६९मध्ये स्थापन झालेला चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट सांभाळतो. काहींची घरं किंवा सभागृहं होतात. पण कुलूप लावल्याने खर्च थांबत नाही. वारसा यादीतली इमारत सहजासहजी पाडता येत नाही, पन्हळ तुंबायची थांबत नाही, आणि आतापर्यंत ती फुकट साफ करणारा वॉर्डन मात्र जातो.

प्रत्यक्ष जाल तेव्हा

आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा: मनोऱ्यावरची जुन्या छपराची कड, बुजवलेली दारं, दक्षिण भिंतीवर कोरलेलं सूर्यघड्याळ. मग आत कुंडापासून सुरुवात करून पूर्वेकडे जा आणि पिसिना मोजा. जितके कोनाडे, निदान तितक्या वेदी. छपरासाठी दुर्बीण न्या. दाराला कुलूप असेल तर पोर्चमधल्या फलकावर किल्ली कोणाकडे ते बहुधा लिहिलेलं असतं. दानपेटीत काही टाकणार असाल आणि ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल, तर शेजारचं ‘गिफ्ट एड’चं पाकीट नाव-पत्त्यासह भरून त्यात पैसे घाला. एका पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स त्याच चर्चला मिळतात.